अक्काची चौकडी

मुखेडला असताना नीलाक्का आमच्या भिंतीपलीकडं राहायची. भिंत मातीची, तीही वरून अर्धी खचलेली. त्यामुळं ती आमच्याच घरात राहायची म्हटलं तरी चालेल. तिनं तिकडं फोडणी दिली की मी इकडं शिंकायची. सकाळी तिनं पेटीचा भाता उघडला की आमचे मास्तर, म्हणजे माझे मालक, दाढी करता करता थांबायचे. साबण गालावर तसाच वाळून जायचा. शाळेला उशीर झाला की हेडमास्तरांना सांगायचे, "शेजारी गाणं चालू होतं." हेडमास्तर रागवायच्या आधी विचारायचे, "कोणतं?"

नीलाक्का गाणारी बाई. आता गाणारी म्हटलं की लोकांच्या मनात भलतंसलतं येतं, ते आधी पुसून टाका. तिचे वडील मठात भजनाला पेटी वाजवायचे. त्यांच्या मांडीशी बसून ती शिकली, आणि ते गेल्यावर पेटी तिच्याकडं आली. लग्न झालं होतं. "त्याला माजं गाणं चालत नव्हतं, आन् मला तो चालत नव्हता," एवढंच ती सांगायची आणि खो-खो हसायची. त्यापुढं मी कधी विचारलं नाही.

अंगानं उंच, हाडापेरानं मोठी. इरकली लुगडं, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. चालायला लागली की पेटी कडेवर लेकरासारखी. यष्टीत तिची आणि कंडक्टरची तकरार ठरलेली.

"मावशी, ती पेटी टपावर टाका."

"तुज्या सासूला टाक टपावर."

"मग लगेजचं तिकीट काढा."

"लगेज म्हणू नको तिला. फुल तिकीट काढते, शीट दे."

आणि खरंच फुल तिकीट काढायची! पेटी खिडकीशी बसवायची, आपण कडेला. एखादा फेटेवाला म्हणाला, "अक्का, जरा मांडीवर घ्या की तिला," तर त्याला वरपासून खालपर्यंत बघून म्हणायची, "तिचं तिकीट हाय. तुजं दाखीव." देगलूरच्या रस्त्यावरचे कंडक्टर शेवटी इतके सरावले, की ती एकटीच चढली तर विचारायचे, "पेटीची तब्येत बरी न्हाई का?"

बारसं, डोहाळे, हळद, बायकांचं जे काही असेल तिथं ती गायची. गाणी स्वतःचीच. मराठी, मधूनच कानडी, देगलूरकडं गेली की चार शब्द तेलुगू. पण तिची देण्याघेण्याची रीत जगावेगळी होती. तिच्याजवळ एक पितळी कोळवं होतं, धान्य मापायचं लहान माप, दोन ओंजळी मावतील एवढं. गाणं झालं की ते मधोमध ठेवायची. ऐकणाऱ्या प्रत्येक घरानं एक कोळवं ज्वारी घालायची. पाटलाच्या घरानं एक, आणि पाटलाच्या घरी भांडी घासणारीनंही एकच. कुणी मोठेपणानं पायली ओतायला लागलं की हात आडवा घालायची.

मी एकदा म्हटलं, "अक्का, देतात तर घे ना. पोतंभर जमलं असतं."

"एकाचं पोतं खाल्लं की त्याच्याच तोंडाकडं बगून गावं लागतं, वैनी. त्यानं जांभई दिली की आपला सूर गेला. समद्यांचं थोडं थोडं खाल्लं की कुनीबी जांभई देऊ दे, आपुन गाऊन राहायचं."

कोळवं घालणारीला ती गाण्यात घ्यायची. म्हणजे नाव घालून, घरची काहीतरी खूण सांगून. कुणाची नवी म्हैस, कुणाच्या सासूचं घोरणं. गंगूबाईची कोंबडी हरवली होती, ती तिनं गाण्यात अशी काही शोधत नेली की प्रत्येक घराच्या दारातून कोंबडी पळते आणि प्रत्येक घरातला रस्सा लाल दिसतो! बायका हसून हसून लोळल्या. दुसऱ्या दिवशी कोंबडी गंगूबाईच्या अंगणात हजर. कुणी आणून सोडली, कुणाला कळलं नाही. पण एका घरी रस्सा व्हायचा राहिला, असं मला अजून वाटतं.

मग तो दुष्काळ आला. आमच्या वयाच्या माणसाला नुसतं 'दुष्काळ' म्हटलं की तोच आठवतो. आड आटले, गुरं बाजारात मातीमोल गेली. सरकारनं परदेशातली लाल ज्वारी वाटली. तिची भाकरी तव्यावर चिरायची. त्याच्यावर अक्कानं लगेच गाणं केलं,

परदेशाची पाव्हणी, लाल लाल गं जवारी
तव्यावर फुगंना, जशी रुसलेली नवरी

बायका रेशनच्या रांगेत हे म्हणायच्या. पण कोळवं मात्र अक्कानं फडताळात ठेवून दिलं. म्हणाली, "ज्याच्या घरात दाना न्हाई त्याच्यापुढं माप धरायचं म्हंजे शिवी देल्यावानी हाय." गाणं बंद केलं नाही बरं का, माप बंद केलं. बारशी होतच होती. दुष्काळानं लेकरं थोडीच थांबतात.

त्या दिवसांत लातूरहून वीरभद्रप्पा शेट आले. लातूरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, त्यांची मोठी आडत. मुखेडच्या बाजाराला तूर घ्यायला यायचे तेव्हा अक्काचं गाणं ऐकल्याशिवाय परत जायचे नाहीत. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगते. गाण्यावर खरा जीव होता त्यांचा. भिंतीमुळं मला सगळं ऐकू आलं.

"शरणार्थ, अक्का."

"शरणार्थ, अप्पा. बसा. पोतं हाय, खुर्ची न्हाई."

"बसायला आलो न्हाई, न्यायला आलो. लातूरला चला. दुकानामागं दोन खोल्या हाईत. ज्वारी, तूप, जळण समदं आमच्याकडून. डबल सुरांची नवी पेटी घेऊन देतो."

"आन् गायचं कुटं?"

"आमच्याकडं. सकाळी देवघरात, सणाला दुकानात. बाहीर तेवढं गायचं न्हाई. आमच्या घरची गाणारीन गावभर फिरली तर बरं दिसत न्हाई."

"तुमच्या घरी आयकायला कोन?"

"मी हाय की."

"तुमी गंजात गेल्यावर?"

"आमची म्हातारी हाय."

"ती तर ठार बहिरी हाय, अप्पा!"

शेटही हसले. मग त्यांचा आवाज उतरला. "अक्का, मस्करी सोडा. गळा काय जल्माला पुरतो? उद्या बसला म्हंजे? ना नवरा, ना लेकरू. कोन इचारल तुमाला?"

पलीकडं पेटीचा भाता एकदा उघडला आणि मिटला. मग अक्का म्हणाली, "इचार करते."

"पुढल्या बाजाराला जीप घेऊन येतो," म्हणून शेट गेले.

मी मात्र घाबरले. अक्कानं विचार करते म्हटलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडून जात्याचा आवाज आला. मला बरं वाटलं, म्हटलं कुठूनतरी दाणा आला. पण बाईच्या कानाला जात्याचा आवाज कळतो हो. भरलेलं जातं घुमतं, रिकामं जातं दगडावर दगड करकरतं. मी तशीच पदर खोचून पलीकडं गेले.

"अक्का, रिकामं जातं फिरवून राहिलीस?"

"गंज चढू न्हाई म्हणून."

"दगडाला गंज चढतो काय?"

ती हसली, पण खुंटा सोडला नाही. "आवाज न्हाई आला तर तू भाकर घेऊन येशील म्हणून, वैनी."

"मग येऊ नये का?"

"आज तू येशील, उद्या ती येईल. मी गाणारीन हाय, मागणारीन न्हाई. तसं जगायचं तर लातूर काय वाईट हाय?"

तिच्या कोनाड्यात पेटी फडक्यात बांधून ठेवलेली मला दिसली. प्रवासाला बांधतात तशी.

गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. अर्ध्या मुखेडच्या बायका तिथं होत्या. मी उन्हात तशीच तिथं गेले आणि कोंडाबाईला गाठलं. कोंडाबाई म्हणजे बायकांच्या टोळीची पुढारी. आवाज असा की मुकादम तिच्याशी चार हात लांबून बोलायचा. तिनं माझं ऐकलं, टोपलं खाली आपटलं आणि म्हणाली, "लातूरला? आन् आमच्या पोरींचे पाळणे काय त्यो शेट गाणार हाय?"

कामाची पद्धत अशी होती, की मातीचा चौकोनी खड्डा आखून द्यायचे, त्याला चौकडी म्हणायचे. चौकडी खांदून झाली की माप घेऊन मजुरी आणि सुकडी, म्हणजे सरकारी खाऊचं कोरडं पीठ. कोंडाबाईनं जागच्या जागी ठरवलं. अक्काच्या नावानं एक चौकडी घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून ती खांदायची. मुकादम कुरकुरला. कोंडाबाई नुसती त्याच्याकडं वळली, त्यानं नाव लावून घेतलं.

कोंडाबाईनं अक्काला सांगितलं तर अक्का भडकलीच. "मी कुदळ न धरता मजुरी घेऊ?"

"तुला कुदळ कोन धर म्हनतंय? तुजं काम तू कर की. आमी वावरात सावड करताव का न्हाई? आज माजं वावर, उद्या तुजं. हातानं हातालाच सावड करायची असं कुटं लिवलंय? तू गळ्यानं कर."

सावड म्हणजे एकमेकींच्या कामाला जायची शेतातली रीत. ती रीत अक्कालाही मोडवेना. म्हणाली, "मग तुमी खांदताल तवर मी गाणार. मदी थांबले तर माजी मजुरी कापायची."

"कापू की. कोंडाबाई कुनाला सोडत न्हाई."

आणि काय सांगू, त्या उजाड माळावर काम करायला बायका आदल्या दिवसापेक्षा लवकर यायला लागल्या! अक्का बांधावर पेटी मांडून बसायची. टोपल्या उचलायच्या तालावर गाणं, पाणी प्यायच्या सुट्टीला वेगळं गाणं, मुकादम झोपला की त्याच्यावर वेगळं गाणं. मास्तर शाळा सुटली की पोरांना घेऊन तिकडंच. म्हणायचे, परिसर अभ्यास.

पण इथंच घोटाळा झाला. प्रत्येक टोळीला वाटलं, बाकीच्या अक्काच्या चौकडीकडं बघत नाहीत, आपणच बघितलं पाहिजे. मग कुणी सकाळी दहा टोपली जास्त काढी, कुणी जेवणाच्या सुट्टीत. एकमेकींना कुणी सांगेना. बाकीच्या चौकड्या गुडघाभर, आणि अक्काची चौकडी पुरुषभर खोल!

बाजाराच्या आदल्या दिवशी ओव्हरसियर टेप घेऊन आला. सगळीकडं माप घेत इथं आला आणि काठावर थबकला.

"ही चौकडी हाय का आड?"

कोंडाबाईनं मागं वळून टोळ्यांकडं बघितलं. "कोन कोन खांदलं गं?" एक एक करून सगळ्यांनी हात वर केले. पाणी देणाऱ्या म्हातारीनं पण.

ओव्हरसियर म्हणाला, "मंजूर खोलीचीच मजुरी मिळेल. जादा खांदलंय ते बुजवा. फुकट!"

बायकांची तोंडं उतरली. एवढ्या उन्हात उपसलेली माती परत लोटायची? तेवढ्यात अक्का उठली आणि लुगडं सावरत खड्ड्यात उतरली. म्हणाली, "माजी हाय तर बगू द्या की." आत मधोमध उभी राहून तिनं नुसता 'आ' लावला. आवाज भिंतींना फिरून असा वर आला की काठावरच्या आम्ही सगळ्या पुढं वाकलो. माळावरच्या वाऱ्यानं इतके दिवस तिचा अर्धा आवाज नेला होता, तो आज पुरा ऐकू आला.

"अगं बया," आतून ती ओरडली, "ह्यात सूर फिरून राहिलाय! पेटी सोडा खाली!"

टोपल्यात बसवून दोरानं पेटी सोडली. अक्का गायला लागली आणि बायका चारही काठांनी पाय सोडून बसल्या. ओव्हरसियर आधी उभा होता, मग टेकला, मग टेप गुंडाळून खिशात ठेवली. निघताना म्हणाला, "उद्या बुजवा."

दुसऱ्या दिवशी बाजार. जीप आली. वीरभद्रप्पा शेट अक्काच्या दाराला कडी बघून विचारत विचारत माळावर आले. पांढरंशुभ्र धोतर, मागं जीपमध्ये ज्वारीची पोती. बघतात तर माळावर माणूसच माणूस. बाजाराला आलेले लोक बातमी ऐकून इकडं वळलेले. आणि अक्का जमिनीच्या पोटातून गात होती. बायकांनी काठावर लुगडं पसरलं होतं. येणारा ओंजळीत जे असेल ते त्यावर टाकायचा. सुकडी, चिंचा, तुरीची डाळ, कुणी शेणाच्या गोवऱ्या. कोळवं नव्हतं, ज्याची त्याची ओंजळ हेच माप. लहान लेकराची लहान ओंजळ.

गाणं थांबल्यावर शेट काठावर वाकले. "अक्का, चलताव ना?"

अक्कानं मान वर करून बघितलं. "बसा, अप्पा. आज आयकणारे लई हाईत. तुमीबी आयका. ओंजळ टाका आन् बसा."

"ओंजळ काय, पोती आणलीत मी!"

"पोतं चालत न्हाई. ओंजळ."

शेटनी ज्वारी ओंजळीत घेतली. हाताला अंगठ्या, ओंजळ मोठी. लुगड्यापर्यंत येईस्तोवर निम्मी खाली सांडली.

"बोटं मिटून धरा, अप्पा," कोंडाबाई म्हणाली. "द्यायची सवय न्हाई, असं दिसतं."

माळ हसला. शेट आधी लाल झाले, मग तेही हसले, आणि ते पांढरं धोतर घेऊन मातीच्या ढिगावर बसले. त्यांना एका गाण्याची फर्माईश करायची होती. अक्का म्हणाली, "ह्या पानी देनाऱ्या मायचं हाय आधी. मग त्या लेकराचं. मग तुमचं." त्यांचा नंबर लागेपर्यंत ऊन कलतीला आलं. पण माणूस उठला नाही. त्यांचं गाणं झालं तेव्हा डोळे मिटून डोलत होते, शेजारी कोण बसलंय, आपण कुठं बसलोय, काही भान नव्हतं.

नंतर धोतर झटकत म्हणाले, "येत न्हाईत म्हणा तुमी."

"न्हाई, अप्पा. एवढे कान सोडून कशी येऊ?"

"मग ह्या पोत्यांचं काय करू मी?"

कोंडाबाईकडं उत्तर तयार होतं. "इथंच इका. पर रास्त भावानं, गंजातल्या नव्हं. आमी मजुरीतून घेताव. आमच्या घरात ज्वारी आली की अक्काला ओंजळ आमीच घालताव. तुमी मदी कशाला?"

"एका गाण्यापायी माजी आडत बुडवताव तुमी," शेट म्हणाले, पण जीपचा फाळका त्यांनी स्वतः उघडला.

ती चौकडी कुणी बुजवली नाही. ओव्हरसियर दर बाजाराला यायचा, पूर्ण गाणं ऐकायचा आणि जाताना म्हणायचा, "उद्या बुजवा." पेटीवरचं फडकं अक्कानं त्याच संध्याकाळी सोडून त्याचं पोतेरं केलं.

पुढं पाऊसपाणी झालं, दिवस सुधारले. आमच्या मास्तरांनी हौसेनं बदली मागितली आणि आम्ही रेणापूरला आलो. अक्का आमच्याकडंही यायला लागली, आणि बघता बघता रेणापूरच्या बायकाही तिच्या झाल्या. मग लातूर नवा जिल्हा झाला. गुलाल काय, बाजे काय! नव्या कचेरीत कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्या कलावंतांना सरकारी मानधन मिळतं, नीलाक्काचं नाव घाला.

अक्का मास्तरांकडं आली. "मास्तर, सरकार म्हंजे एक मानूस का समदे?"

मास्तर चष्मा काढून म्हणाले, "लोकशाहीत सगळेच."

"मग घ्यायला हरकत न्हाई. शेटसारकं न्हाई ते."

पण लातूरचे साहेब म्हणाले, बाई राहते मुखेडला, मुखेड नांदेड जिल्ह्यात. नांदेडला गेली तर ते म्हणाले, बाई सदा लातूरकडं गाते, लातूरनं द्यावं. असे हेलपाटे घालून घालून एके दिवशी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि हसायलाच लागली. हसू थांबेना. "वैनी, माज्यापायी दोन जिल्हे भांडून राहिले. तू घे म्हणतो हा, तू घे म्हणतो त्यो. रूपवान बाईच्या नशिबी न्हाई एवढं!" आणि तिनं तो नाद सोडला. मास्तरच चिडून होते.

तिला मी शेवटचं बघितलं ते रेणापूरला, माझ्या नातीच्या बारशाला. बरीच थकली होती. पाळणा म्हणायला बसली आणि वरच्या सुराला गळा फाटला. खाकरून परत लावला, परत फाटला. मग आवाजच आला नाही, नुसता वारा. मी दारात प्रसादाचं ताट घेऊन उभी होते, ते तसंच खाली ठेवलं. अंगण गच्च भरलेलं, मुखेडहून कोंडाबाईची लेक आलेली, देगलूरच्या दोघी, रेणापूरच्या सगळ्या. सगळ्या अक्काकडं बघत होत्या आणि अक्का पेटीकडं.

कोंडाबाईच्या लेकीनं तिथून ओळ उचलली. खालच्या आवाजात, चाचरत. मग देगलूरची एक मिळाली. मग दुसरी. गाणी तर सगळ्यांना पाठच होती, इतकी वर्षं ऐकलेली. बघता बघता अख्खं अंगण पाळणा म्हणायला लागलं. अक्कानं मान वर केली, या तोंडाकडून त्या तोंडाकडं बघत राहिली, आणि भाता सुरू झाला.

पुढच्या कडव्याला बायका वरच्या सुराला आल्या आणि तिथं बिचकून खाली घसरल्या. अक्कानं पेटी थांबवली. फाटक्या घोगऱ्या आवाजात खेकसली, "लाजताव कामून गं? गळा काय नवऱ्याकडून उसना आनला काय? वर! आनखी वर!"

हसण्याचा नुसता गलका झाला. पाळण्यातली नात दचकून रडायला लागली, तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. अक्कानं एक पट्टी दाबून धरली, वरचीच, आणि दुसऱ्या हातानं भाता मारत भुवया उंचावून वाट बघत राहिली. बायकांनी श्वास घेतला.